आकाशाचें बंदर

गेल्या पावसाळ्यांत भूगोलाच्या तासाला आम्ही न्हावा शेवा बंदराचा पाठ शिकवीत होतों. धक्क्यावरील उंच याऱ्या तुमच्यापैकीं बहुतेकांनीं रोज पाहिलेल्या, म्हणून फळ्यावर चित्र काढण्याची गरज पडली नाहीं. बंदराची जमीन सरकारची, परंतु धक्के चालविणाऱ्या कंपन्या निरनिराळ्या, असें आम्हीं सांगतांच मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील बंदरांत ट्रेलर चालवितात. तो म्हणाला, "सर, आतां खासगी कंपन्यांचे अग्निबाणहि उडूं लागले आहेत. मग बंदराच्या धक्क्यांप्रमाणें आकाशहि मक्त्यानें दिलें काय?" सारा वर्ग हंसला, आणि आम्हीहि हंसलों. परंतु घरीं गेल्यावर तो प्रश्न हंसण्यासारखा वाटेना. त्या दिवशीं त्या मुलाला नीट उत्तर देतां आलें नाहीं, तें येथें देण्याचा प्रयत्न करीत आहों. पालकांनींहि हा पाठ वाचावा अशी आमची विनंति आहे. कारण त्यांतील कांहीं भाग त्यांच्याच आठवणींतला आहे.

१. समुद्राचें बंदर

न्हावा आणि शेवा हीं मूळचीं खाडीकांठचीं दोन गांवें. भातशेती, मिठागरें आणि मासेमारी ह्यांवर ह्या किनाऱ्याचा चरितार्थ चालत असे. मुंबई बंदरांतील गर्दी कमी व्हावी म्हणून येथें नवें बंदर बांधण्यांत आलें, आणि तें २६ मे १९८९ रोजीं सुरू झालें. आरंभीं सर्व कारभार सरकारी मंडळाच्या हातीं होता. पुढें १९९७ सालीं एका खासगी कंपनीशीं तीस वर्षांचा करार झाला, आणि १९९९ सालीं देशांतील पहिला खासगी कंटेनर धक्का येथें कामास लागला. २००६ आणि २०१८ सालीं आणखी कंपन्यांचे धक्के उघडले. २०२२ सालीं बंदराचा स्वतःचा उरलेला कंटेनर धक्काहि मक्त्यानें देण्यांत आला.

ह्याचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. सरकारनें बंदर विकलें नाहीं. जमीन, जहाजांच्या वाटेची खोली आणि देखरेख हीं सरकारकडे राहिलीं. याऱ्या, नोकरवर्ग आणि व्यापारांतील नफानुकसान हीं मक्तेदाराकडे गेलीं. ठरलेला वाटा मक्तेदारानें द्यावा, आणि मुदत संपल्यावर धक्का परत करावा, असा हा व्यवहार आहे. आज देशाच्या प्रमुख बंदरांतून जे कंटेनर जातात, त्यांपैकीं सुमारें निम्मे येथून जातात. हें एवढें वाढलें तें केवळ कंपन्यांच्या पैशानें नव्हे. प्रमुख बंदरांसाठीं १९६३ चा कायदा होता. त्याच्या जागीं २०२१ चा नवा कायदा आला. खासगी धक्के येऊं लागले त्याच १९९७ सालीं दर ठरविण्यासाठीं एक स्वतंत्र प्राधिकरण नेमण्यांत आलें, म्हणजे मक्तेदाराला मनास येईल तो दर लावतां येऊं नये. मक्ता आणि पंच हे दोघे येथें जवळजवळ एकदमच आले, एवढें लक्षांत ठेवून आपण वर पाहूं.

२. थुंब्याचें उपासनामंदिर

भारताच्या अग्निबाणांचा आरंभ समुद्रकिनाऱ्यावरच झाला. पृथ्वीचें चुंबकीय विषुववृत्त ज्याच्या जवळून जातें असें केरळांतील थुंबा हें कोळ्यांचें गांव डॉ. विक्रम साराभाईंनीं निवडलें. परंतु त्या जागेवर संत मेरी मॅग्दलीन हिच्या नांवाचें उपासनामंदिर होतें, आणि भोंवतालीं कोळ्यांचीं घरें होतीं. बिशप पीटर बर्नार्ड परेरा ह्यांनीं ही मागणी उपासनेस जमलेल्या मंडळीपुढें ठेवली, आणि मंडळीनें संमति दिली. लोकांना दुसरीकडे घरें व नवें उपासनामंदिर बांधून मिळालें. जुन्या मंदिरांत शास्त्रज्ञांची कचेरी थाटली गेली. पुढें त्याच इमारतींत अंतराळ-संग्रहालय झालें. अग्निबाणाचे भाग तेथें सायकलीवरून नेत असत. २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं तेथून पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकेंत बनलेला होता.

स्वतःच्या अग्निबाणानें उपग्रह वर नेण्यास आणखी सतरा वर्षें लागलीं. १८ जुलै १९८० रोजीं भारताच्या अग्निबाणानें रोहिणी हा उपग्रह पृथ्वीभोंवतीं फिरता केला. त्याला लागणाऱ्या घन इंधनाच्या कामांत डॉ. वसंत गोवारीकर ह्या मराठी शास्त्रज्ञाचा मोठा वांटा होता. कारखानेहि आपल्याच मुलखांतले होते: इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर येथें अग्निबाणांचीं पोलादी कवचें घडूं लागलीं, आणि विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यांत द्रव इंधनाचीं इंजिनें. म्हणजे खासगी कारखाने ह्या क्षेत्रांत पूर्वींपासून होतेच. परंतु ते सुताराप्रमाणें होते: इस्रोनें माप द्यावें, त्यांनीं तसें घडवून द्यावें. घर इस्रोचें, आणि घरांत कोणी राहावें तें ठरविणारीहि इस्रोच.

परदेशच्या गिऱ्हाइकांशीं व्यवहार करण्यासाठीं १९९२ सालीं अँट्रिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. २६ मे १९९९ रोजीं, म्हणजे आपलें बंदर सुरू झाल्याला बरोबर दहा वर्षें झालीं त्या दिवशीं, श्रीहरिकोट्याहून एका भारतीय अग्निबाणानें प्रथमच परकीयांचा माल भाडें घेऊन वर नेला. एक उपग्रह कोरियाचा होता आणि एक जर्मनीचा. मुख्य उपग्रह आपलाच, ओशनसॅट नांवाचा. समुद्राचा रंग पाहून पाण्यांतील सूक्ष्म वनस्पति कोठें अधिक आहेत तें तो सांगत असे. जेथें त्या अधिक तेथें मासळी मिळण्याचा संभव अधिक. अशा उपग्रहांच्या माहितीवरून हैदराबादची समुद्रविषयक सरकारी संस्था कोळ्यांना मासळीच्या जागा कळविते. तुमच्यापैकीं ज्यांच्या घरीं होडी आहे त्यांना अंतराळाचा व्यापार दूरचा वाटण्याचें कारण नाहीं.

३. व्यापार कसा वाढला

अंतराळांत खासगी कंपनीनें प्रथम पाऊल टाकलें तें १९६२ सालीं. टेलस्टार हा उपग्रह अमेरिकेंतील एका टेलिफोन कंपनीचा होता. परंतु उपग्रह वर नेण्याचें काम पुष्कळ काळ सरकारांच्याच हातीं राहिलें, कारण तें फार खर्चाचें होतें. एकदां उडालेला अग्निबाण समुद्रांत पडून नष्ट होई. मुंबईहून कोलंबोला एक फेरी करून जहाज बुडवून टाकावयाचें असतें, तर एका पोत्याचें भाडें किती झालें असतें ह्याचा विचार करा! २००२ सालीं स्थापन झालेल्या स्पेसएक्स ह्या अमेरिकन कंपनीनें डिसेंबर २०१५ मध्यें उपग्रह वर सोडून अग्निबाणाचा खालचा भाग उभाच्या उभा जमिनीवर परत उतरविला. तोच भाग पुन्हां वापरतां येऊं लागल्यावर भाडें उतरलें, आणि गिऱ्हाइकें वाढलीं. लहान उपग्रह शेंकड्यांनीं सोडून सर्व पृथ्वीवर इंटरनेट पुरवावें, असा नवा धंदा निघाला.

भारतालाहि त्यांत काम मिळालें. १५ फेब्रुवारी २०१७ रोजीं आपल्या एकाच अग्निबाणानें १०४ उपग्रह वर नेले. त्यांतील बहुतेक परदेशी कंपन्यांचे होते. २०२२ व २०२३ सालीं वनवेब ह्या कंपनीचे ७२ उपग्रह आपण दोन खेपांत पोहोंचविले. परंतु एकट्या इस्रोनें शास्त्रीय शोधहि करावे, देशाची गरजहि भागवावी आणि जगाची हमालीहि करावी, हें जमण्यासारखें नव्हतें. म्हणून जून २०२० मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें हें क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलें केलें. परवाने देण्यासाठीं इन-स्पेस ही संस्था निर्माण केली. व्यापारी कामासाठीं न्यूस्पेस इंडिया ही सरकारी कंपनी २०१९ सालींच निघाली होती. १८ नोव्हेंबर २०२२ रोजीं हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचा विक्रम-एस हा अग्निबाण सुमारें ८९ किलोमीटर उंच गेला. ३० मे २०२४ रोजीं चेन्नईच्या अग्निकुल कंपनीचा अग्निबाण श्रीहरिकोट्यावरील तिच्या स्वतःच्या तळावरून उडाला. हे दोन्ही प्रयोग थोड्या उंचीचे होते, त्यांनीं उपग्रह फिरता केला नाहीं. परंतु धक्क्यावर पहिली खासगी यारी उभी राहिली ती अशी.

४. कठीण प्रश्न

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. आकाश मक्त्यानें देतां येतें काय? उत्तर असें कीं, नाहीं. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ-करारान्वयें कोणत्याहि राष्ट्राला अंतराळावर मालकी सांगतां येत नाहीं. आणि जें आपलें नाहीं, तें मक्त्यानें कसें देणार? सरकार देतें तो केवळ उडण्याचा परवाना. परंतु परवाना देतांच चार प्रश्न उभे राहतात.

पहिला, नुकसानीची जबाबदारी कोणाची? त्याच कराराप्रमाणें कंपनीच्या कृत्याबद्दलहि तिचें राष्ट्र उत्तरदायी असतें. जानेवारी १९७८ मध्यें रशियाचा कॉसमॉस-९५४ हा अणुशक्तीवर चालणारा उपग्रह कॅनडांत कोसळला, आणि किरणोत्सारी तुकडे बर्फावर पसरले. १९८१ सालीं सोव्हिएट सरकारनें तीस लाख कॅनेडियन डॉलर भरून दिले. उद्यां आपल्या एखाद्या कंपनीचा अग्निबाण परमुलखांत पडला, तर दंड भारत सरकारला, म्हणजे तुमच्याआमच्या करांतून, भरावा लागेल. म्हणून कंपनीनें किती रकमेचा विमा उतरावा, आणि त्यापुढील भार सरकारनें किती उचलावा, हें आधीं लिहून ठेविलें पाहिजे. विमा थोडा ठेवावा तर प्रजेला धोका. फार ठेवावा तर नव्या कंपनीचा उडण्यापूर्वींच शेवट.

दुसरा, गर्दीचा. बंदरांत नांगर टाकण्याची जागा मोजकी असते. विषुववृत्तावर सुमारें ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीवरून स्थिर दिसतो, म्हणून ती वाट फार मोलाची. पण तेथील जागाहि मोजक्याच. त्या एका आंतरराष्ट्रीय संघाच्या नियमांनीं वांटल्या जातात, आणि जो आधीं मागेल त्याचें बहुधा साधतें. विषुववृत्तावरील आठ देशांनीं १९७६ सालीं बोगोटा येथें जमून आपल्या डोक्यावरील भागावर हक्क सांगितला. जगानें तो मानला नाहीं. खालच्या वाटांवर दुसरें संकट आहे, तें भंगाराचें. १० फेब्रुवारी २००९ रोजीं एका खासगी कंपनीचा चालू उपग्रह आणि रशियाचा बंद पडलेला उपग्रह एकमेकांवर आदळले, आणि दोन हजारांहून अधिक मोठे तुकडे झाले. तेथें वेग सेकंदाला सात-आठ किलोमीटर असतो. एक लहानसा खिळाहि तोफेच्या गोळ्यासारखा लागतो. बुडालेलें जहाज तळाशीं तरी जातें. हे तुकडे वर्षानुवर्षें वाटेंतच फिरत राहतात. आपला उपग्रह निकामी झाल्यावर कंपनीनें तो खालीं आणून जाळावा, असा दंडक नसेल, तर कोणतीहि कंपनी आपण होऊन तो खर्च करील असें वाटत नाहीं.

तिसरा, परक्या भांडवलाचा. २०२४ सालीं ठरलेल्या नियमांप्रमाणें उपग्रहांचे सुटे भाग बनविण्यांत शंभर टक्क्यांपर्यंत, उपग्रह बनविण्यांत ७४ टक्क्यांपर्यंत, आणि अग्निबाण व त्यांचे तळ ह्यांत ४९ टक्क्यांपर्यंत परदेशी पैसा वेगळ्या सरकारी मंजुरीशिवाय येऊं शकतो. ह्या पायऱ्यांत एक तत्त्व दिसतें: वस्तु जितकी संरक्षणाच्या जवळची, तितकें दार अरुंद. हें सुज्ञपणाचें आहे. तथापि पैसा मोजका असतां धाडस वाढेल किती, ही शंका उरतेच.

चौथा प्रश्न पंचाचा, आणि आमच्या मतें तोच मुख्य. करार संदिग्ध असला म्हणजे काय होतें, तें देवास प्रकरणानें दाखविलें. अँट्रिक्सनें २००५ सालीं देवास ह्या खासगी कंपनीशीं उपग्रहावरील रेडिओलहरींच्या एका मौल्यवान पट्ट्याचा करार केला. देशाच्या संरक्षणादि गरजांसाठीं तो पट्टा हवा म्हणून २०११ सालीं सरकारनें करार रद्द केला. आंतरराष्ट्रीय लवादानें २०१५ सालीं भारताच्या कंपनीवर ५६ कोटी डॉलरांहून अधिक भरपाई बसविली. उलट, देवासची उभारणीच कपटाची होती असें मानून ती कंपनी गुंडाळण्याचा हुकूम आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं कायम केला. दोष कोणाचा किती, तें न्यायालयें पाहोत. आपण एवढेंच पाहावें कीं, त्या वेळीं परवाना देणारें खातें, विकणारी कंपनी आणि अग्निबाण उडविणारी संस्था हीं एकाच घरचीं होतीं. खेळणारा आणि पंच एकच असला, तर निकालावर दोन्ही पक्षांचा विश्वास बसत नाहीं. इन-स्पेस निराळी काढली ती ह्याच कारणानें. परंतु तिची स्थापना मंत्रिमंडळाच्या ठरावानें झाली, संसदेच्या कायद्यानें नव्हे. अंतराळ-कायद्याचा एक मसुदा २०१७ सालीं लोकांपुढें ठेवण्यांत आला होता. २०२३ सालीं प्रत्यक्ष आलें तें धोरण. धोरण म्हणजे सरकारनें सांगितलेला आपला विचार. तो दुसऱ्या दिवशीं बदलतां येतो. कायदा म्हणजे सरकारलाहि बांधणारें वचन. ज्या १९६३ सालीं थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला, त्याच सालीं बंदरांसाठीं कायदा झाला होता. साठ वर्षांनंतर धोरण आलें तेव्हांहि अग्निबाणांसाठीं तसा कायदा नव्हता.

५. किनाऱ्यावरील माणसें

येथवर आकाशाचा विचार झाला. परंतु आकाशाचें बंदरहि जमिनीवरच बांधावें लागतें, आणि ती जमीन कोणाची तरी असते.

आमच्या पालकांना हें सांगण्याची गरज नाहीं. नव्या मुंबईसाठीं आणि बंदरासाठीं ह्या भागांतील शेतें घेतलीं गेलीं, तेव्हां भाव काय मिळावा आणि पुढें कसें जगावें हें आधीं ठरलेलें नव्हतें. जासईचे दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं लोक उठले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं जासई-नवघर परिसरांत गोळीबार झाला आणि पांच आंदोलक प्राणांस मुकले. त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचें तत्त्व मान्य झालें. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना त्यासाठीं त्यानंतरहि पुष्कळ वर्षें वाट पाहावी लागली. शेव्याच्या कोळीवाड्याचीं कुटुंबें उरणजवळ हनुमान कोळीवाड्यांत नेऊन वसविलीं गेलीं. त्यांच्या घरांच्या जागेचे प्रश्न कित्येक दशकें रेंगाळले. ज्या तत्त्वासाठीं पांच घरांचे दिवे गेले, तें तत्त्व पहिल्याच दिवशीं कागदावर लिहितां आलें नसतें काय?

आतां दक्षिणेकडे पाहा. तामिळनाडूंत थुथुकुडी जिल्ह्यांतील कुलशेखरपट्टणम् येथें देशाच्या दुसऱ्या अग्निबाण-तळाची कोनशिला २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं बसविण्यांत आली. श्रीहरिकोट्याहून दक्षिणेकडे जाणाऱ्या अग्निबाणाला लंका टाळण्यासाठीं वळण घ्यावें लागतें आणि इंधन वायां जातें. येथून तो सरळ समुद्रावरून जाऊं शकतो. लहान उपग्रहांच्या व्यापाराला ही जागा उत्तम. परंतु त्यासाठीं दोन हजारांहून अधिक एकर जमीन लागली, आणि अग्निबाण उडण्याच्या वेळीं समोरचा समुद्र होड्यांना बंद ठेवावा लागतो. त्या दिवसाची मजुरी बुडालेल्या कोळ्याला काय द्यावें, हें कंपनीच्या परवान्यांत लिहिलेलें असावें, असें न्हावा शेव्याचा मनुष्य सांगूं शकतो. दिल्लींतील मनुष्याला कदाचित् तें सुचणार नाहीं. थुंब्यास लोकांना आधीं विचारलें होतें, आणि येथें गोळीबारानंतर विचारलें. दोन्ही किनाऱ्यांनीं जागा दिली. पण एका किनाऱ्याच्या मनांत आठवण गौरवाची राहिली, दुसऱ्याच्या मनांत जखमेची.

लाभ किनाऱ्याकडे परत येऊं शकतो, हेंहि खरें. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें मासेमारी नौकांवर एक लाख संदेशयंत्रें बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. वादळाची सूचना होडीपर्यंत पोहोंचावी आणि संकटाची हांक किनाऱ्यापर्यंत यावी, म्हणून इस्रोनें तें यंत्र सिद्ध केलें आहे. अंतराळाच्या व्यापाराचा हिशेब मांडतांना कंपन्यांच्या नफ्याबरोबर अशा हांका किती ऐकल्या गेल्या, तेंहि त्यांत धरावें.

तेव्हां, मागच्या बाकावरील मित्रा, तुझ्या प्रश्नाचें आमचें उत्तर हें: आकाश मक्त्यानें दिलेलें नाहीं, देतांहि येत नाहीं. तें आपल्या हवालीं केलेलें आहे, आणि धन्यानें ठेव सोंपविली असतां कारभाऱ्यानें ती कशी सांभाळावी, हें तुला रविवारच्या वर्गांत शिकविलेलें आहे. कंपन्या येतील, आणि याव्या; त्यांच्यावांचून हें क्षेत्र वाढणार नाहीं. परंतु परवाना देण्यापूर्वीं उत्तरदायी कोण, वाट स्वच्छ कोण ठेवील, पंच कोण, आणि जागा देणाऱ्याचा वांटा किती, ह्या चार ओळी कायद्यांत लिहिल्या गेल्या पाहिजेत. त्या लिहिण्यास शास्त्रज्ञांइतकेच वकील, विमेवाले आणि जमिनीची मोजणी जाणणारे लोकहि लागतील. ते आमच्या वर्गांतून निघावे, अशी आमची प्रार्थना आहे. ह्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला ह्या चार ओळींचें मोल पुस्तकांतून शिकावें लागणार नाहीं.

स्वाध्याय

१. तुमच्या घरांतील वडील माणसांना विचारून, बंदर होण्यापूर्वींचा आपला गांव कसा होता तें दहा ओळींत लिहा.

२. धोरण आणि कायदा ह्यांतील भेद एका उदाहरणानें स्पष्ट करा.

३. अग्निबाणाच्या उड्डाणासाठीं समुद्र एक दिवस बंद ठेविला, तर कोळ्याला भरपाई कोणीं द्यावी: कंपनीनें कीं सरकारनें? आपलें मत कारणांसह मांडा, आणि मग विरुद्ध बाजूचें उत्तम कारणहि लिहा.